नागाबाईला हाक मारायची कुणी

ज्वारी मुदखेडला आली त्या दिवशी भगवानरावांनी तिला घरात घ्यायला साफ नकार दिला. ज्वारी हे कुत्रीचं नाव. लातूरला औसा रोडवर ज्या केंद्रात ती शिकली, तिथं त्या साली जन्मलेल्या सगळ्या पिल्लांना धान्याची नावं पडली होती. तिची भावंडं बाजरी, नाचणी आणि भगर म्हणून कुठंकुठं कामाला लागली होती. रंगानं ती खरोखरच ज्वारीची, अंगानं भरलेली आणि स्वभावानं इतकी शांत, की गल्लीतली कुत्री तिला आजारी समजून लांबून जात.

“कुत्रं उंबऱ्याच्या बाहिर,” भगवानराव म्हणाले. रेल्वेच्या रुळांवर हातोडा मारण्यात उभा जन्म गेलेला माणूस. तो एकदा बोलला की घरातला विषय संपायचा.

“आजोबा, ही साधी कुत्री नाही,” केंद्राकडून तिला घेऊन आलेली मुग्धा म्हणाली. “ही मदतनीस आहे.”

भगवानरावांनी मदतनिसाकडं बघितलं. मदतनीस जांभई देत होती.

“मदतनीस का असंना. उंबऱ्याच्या बाहिर.”

दोन-तीन दिवसांत मदतनीस त्यांच्या बाजेखाली झोपायला लागली, आणि बाज रात्री पुढच्या खोलीत, म्हणजे उंबऱ्याच्या चांगली आत असायची. यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही. सून करिश्मा बाजेखालून केर काढताना कुत्रीला वळसा घालून झाडू मारायला लागली, एवढंच.

मदत हवी होती ती भगवानरावांच्या नातीला. नात अकरा वर्षांची, जन्मापासून ठार बहिरी, आणि नाव नागाबाई. शाळेत तिच्या वर्गात तीन आराध्या होत्या, दोन श्रावणी होत्या आणि एक नागाबाई होती. नाव आजीचं. नात जन्मायच्या दोन महिने आधी आजी गेली, आणि मुलगी झाली असं कळल्यावर भगवानराव दवाखान्याच्या दारातच म्हणाले, “आली परत.” मग नाव काय ठेवायचं हा प्रश्नच उरला नाही. करिश्मानं मनात एक नाव धरून ठेवलं होतं. ते तिनं मनातच ठेवलं.

नाव ठेवलं खरं, पण ते घेणार कोण? भगवानरावांनी उभ्या संसारात बायकोला नावानं हाक मारली नव्हती. ‘अगं ए’ आणि ‘ऐकलं का’ एवढ्यावर त्यांचं भागलं होतं. नातीला ते ‘म्हातारे’ म्हणायचे. मुलीचा बाप बबलू, तो आपल्या आईचं नाव कसं घेणार? तो ‘माय’ म्हणायचा. आणि करिश्मा तर सून. सासूचं नाव तोंडातून काढायचं नसतं हे भोकरहून लग्न होऊन येताना तिला कुणी शिकवलं नव्हतं, शिकवायची गरजही नव्हती. सासूला ती आत्याबाई म्हणायची. नाव सासूचं म्हटल्यावर मुलगीही आत्याबाई झाली, आणि आत्याबाई म्हटलं की अहो-जाहो आलंच.

“आत्याबाई, दूध प्या. प्या म्हनलं ना. न्हाईतर थोबाड फोडीन तुमचं,” असं ती पोटच्या पोरीला रोज सकाळी म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे.

पोरीला तर काहीच वाटत नसे, कारण तिला ते ऐकू येत नव्हतं. घरात तिचं नाव उच्चारलं गेलं ते एकदाच, बारशाला. बबलूच्या बहिणीनं पाळण्यात वाकून ते बाळाच्या कानात सांगितलं आणि जमलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. कान कामाचे नव्हते हे पुढं वर्षभरानं कळलं.

नागाबाईला बोलवायचं तर जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा, नाहीतर दिव्याचं बटण खालीवर करायचं, नाहीतर जमिनीवर पाय आपटायचा. फारच राग आला असला तर करिश्मा चप्पल फेकायची, तीही अंगाजवळ, अंगावर नाही. नागाबाई हातांनी बोलायची, समोरच्याचे ओठ वाचायची, आणि बोलणी खायची वेळ आली की डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटले की भांडण संपलं. एवढी सोय मुदखेडात दुसऱ्या कुणाला नव्हती.

हे सगळं सुरळीत चाललं होतं ते गेल्या साली बोरांच्या दिवसांपर्यंत. शाळेतून येताना नागाबाईनं दप्तर खाली ठेवलं आणि रस्त्याकडेला बोरं वेचायला वाकली. उसाची ट्रॉली लावलेला एक ट्रॅक्टर उलटा मागं मागं येत राहिला. करिश्मा रस्त्याच्या पलीकडं भाजी घेत होती. सगळा रस्ता ओरडला. जिच्यासाठी ओरडला ती किडकी बोरं बाजूला काढत होती. ट्रॉलीचं चाक दप्तरावर चढलं आणि तिथं थांबलं. दप्तरात स्टीलचा डबा होता, तो भाकरीएवढा पातळ झाला.

त्या दिवसापासून करिश्मानं पोरीचं मनगट सोडलं नाही. शाळेत नेताना मनगट, आणताना मनगट, मधल्या वेळात शाळेच्या फाटकाशी बैठक. वर्गातल्या पोरी खिडकीतून बघून हसायच्या. एक दिवस नागाबाईनं हात हिसडून घेतला आणि भर रस्त्यात दोन्ही हातांनी विचारलं, मी शेळी आहे का? करिश्मानं मनगट पुन्हा धरलं.

ज्वारी हवी होती ती यासाठी. बबलू लातूरला डाळमिलमध्ये कामाला होता आणि शनिवारी घरी यायचा. त्याला त्या केंद्राची माहिती लागली, तो जाऊन हात जोडून बसला आणि वर्षभरानं नंबर लागला. ज्वारीचं काम सांगायला सोपं होतं. मागून हॉर्न वाजला, कुणी दार ठोठावलं किंवा कुणी नागाबाईला नावानं हाक मारली, की पोरीच्या तळहाताला नाक लावायचं आणि आवाज जिथून आला तिकडं तिला न्यायचं. हॉर्न असला तर आडवं उभं राहून तिला थांबवायचं. ज्वारी सोबत असली की नागाबाई शाळेत आईशिवाय जाणार होती. हे कळल्यापासून तिनं घरात दुसरं काही मागितलं नव्हतं, दिवाळीचे कपडेसुद्धा नाही.

मुलीचं नाव बबलूनं केंद्राला आधीच कळवलं होतं. तिथं मग काही महिने तिथलीच एक स्वयंपाकीण नागाबाई होऊन वावरली. जो तो तिला त्या नावानं हाका मारायचा आणि ज्वारी तिला ओढत न्यायची. बिचारीच्या भाज्या करपल्या, पण कुत्री तयार झाली.

मुग्धा नांदेडला मावशीकडं उतरली होती आणि रोज सकाळच्या गाडीनं मुदखेडला येत होती. नागाबाई आठवड्याभरात तयार झाली. बस, थांब, चल, सोड, सगळं ती हातानं सांगायची आणि खिशातून खाऊचा एकेक दाणा काढून बक्षीस द्यायची. ज्वारीला हातांची बोली लगेच कळली. बबलूला त्याच गोष्टीला दोन वर्षं लागली होती. पोरगी आणि कुत्री अंगणात एकमेकींसमोर बसून तासन्‌तास काय बोलत हे कुणाला कळत नसे, आणि मधूनच दोघी भगवानरावांकडं बघत, तेव्हा ते अस्वस्थ होत.

शिकवणी अडली ती करिश्मापाशी.

“ताई, तुम्ही दारात उभ्या राहा आणि तिला हाक मारा,” मुग्धा म्हणाली.

“आत्याबाई!” करिश्मानं खणखणीत हाक मारली.

ज्वारी कान खाजवत बसली.

“नावानं मारा, ताई.”

“ह्येच नाव हाय की.”

“तिचं नाव नागाबाई आहे ना?”

करिश्मानं जीभ चावली, पदर डोक्यावर ओढला आणि अंगणातल्या लिंबाखालच्या बाजेकडं पाहिलं. भगवानराव चष्मा पुसत होते.

“तुमी घ्या,” ती हळूच म्हणाली. “तुमाला चालतंय.”

मुग्धानं आजवर चावरी कुत्री शिकवली होती, भित्री कुत्री शिकवली होती, फटाक्याला घाबरून पलंगाखाली लघवी करणारी कुत्री शिकवली होती. सासूचं नाव न घेणारी सून तिच्या अभ्यासात कुठं आली नव्हती. तिनं आधी समजावलं, मग विनवलं, मग तिच्या ध्यानात आलं की कुत्रीला वळवणं त्यामानानं सोपं जाईल. तिनं ज्वारीला ‘आत्याबाई’ शिकवायला घेतलं. ज्वारीची तक्रार नव्हती. खाऊ मिळत असेल तर ती पंचांगही शिकली असती.

घोळ झाला तो त्यानंतर. शेजारची सरजाबाई, तिची सून तिला आत्याबाई म्हणायची. त्यापलीकडच्या घरातली सून आपल्या सासूला आत्याबाई म्हणायची. गल्लीत जेवढ्या सुना तेवढ्या हाका, आणि सकाळची वेळ ही तर हाकांचीच. “आत्याबाई, चहा घ्या,” अशी हाक कुठंही उठली की ज्वारी उठायची, नागाबाईच्या हाताला नाक लावायची आणि तिला त्या दारात नेऊन उभी करायची. पहिल्या सकाळी नागाबाई चार घरं फिरली आणि दोन घरी चहा पिऊन आली. तिला ते काही वाईट वाटलं नाही. सरजाबाई मात्र दुपारी वाटीभर शिरा घेऊन आली आणि करिश्माला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “पोरीला पोटभर देत जा गं बाई. कुत्र्याला धरून दारोदार फिरून राहिली.”

‘आत्याबाई’ बंद झालं. ते विसरवायला पुन्हा आठवडा गेला, आणि आणखी नवा शब्द शिकवायला मुग्धाकडं दिवस उरले नाहीत.

आता गल्लीला विषय कळला होता, आणि ज्याला त्याला उपाय सुचत होता. सरजाबाई म्हणाली, उखाण्यात घे. नवऱ्याचं नाव जसं घेतो तसं सासूचं घ्यावं, देवाला चालतं.

“उखाना जुळंस्तोवर ट्रॅक्टर येऊन जाईल, मावशी,” करिश्मा म्हणाली.

बबलूनं लातूरहून फोनवर आपला आवाज भरून पाठवला. आईचं नाव घ्यायचं म्हणून त्यानं आधी आईची माफी मागितली, आणि तीही त्यात भरली गेली. करिश्मानं फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि बटण दाबलं. “माय, माफ कर. नागाबाई,” असं फोन म्हणाला. ज्वारी उठली, नागाबाईला घेऊन आली आणि दोघी पिठाच्या डब्यासमोर अदबीनं उभ्या राहिल्या. करिश्माला वाटलं, झालं काम. तिनं मोठ्या आशेनं मुग्धाकडं पाहिलं.

“आणि रस्त्यावर, ताई?” मुग्धा म्हणाली. “तुम्ही आधी फोन काढणार, मग तो उघडणार, मग बबलूदादा माफी मागणार.”

करिश्मानं फोन उचलून कमरेला खोचला.

जाताना मुग्धानं तिला दाराबाहेर बोलावून घेतलं. “ताई, मी स्पष्ट बोलते. मुलगी पास आहे, कुत्री पास आहे. पण दिवसभर तिच्यासोबत तुम्ही असता. घात व्हायची वेळ आली तर पहिल्यांदा दिसणार तुम्हाला आणि ओरडणार तुम्ही. तुमच्या हाकेवर ज्वारी हलत नसेल तर या मुलीला रस्त्यावर एकटं सोडा असं मी म्हणणार नाही. सोमवारी केंद्राची जीप येईल. जमलं तर ती रिकामी परत जाईल. नाही जमलं तर ज्वारीला उदगीरला पाठवतील. तिथं एक मुलगा वाट बघतोय.”

“तुमाला वाटत असंल मी हट्ट करून राहिले,” करिश्मा म्हणाली. “हट्ट न्हाई वो. तोंडच उघडत न्हाई.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. करिश्मा या घरात आली तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती, भाकरी थापताना तिच्या भाकरीचा नकाशा व्हायचा. सासूनं त्यावरून तिला कधी टोचलं नाही. ती तसल्या भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायची आणि चांगल्या थापलेल्या नवऱ्याला वाढायची. गरोदरपणात करिश्मा तापानं फणफणली तेव्हा तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत जागी राहिली ती सासू, आणि पुढं चार दिवसांच्या दुखण्यानं गेली तीही सासूच. करिश्माला सातवा महिना होता म्हणून तिला शेवटचं दर्शनसुद्धा लांबूनच घेऊ दिलं. त्या बाईचं नाव न घेणं, एवढं एकच आता तिच्यासाठी करण्यासारखं उरलं होतं. ते करिश्मा करत होती. ते सोडलं तर सासूचं आपल्याकडं काहीच राहणार नाही, असं तिला वाटायचं.

तरी तिनं सराव केला. घरामागं रेल्वेची हद्द होती. रविवारी दुपारी ती तिथं जाऊन उभी राहिली आणि मालगाडी आली तशी तिनं तोंड उघडलं. डबे धडधडत होते, कोण ऐकणार होतं? “ना...” एवढं निघालं. तिनं पुन्हा दम घेतला. “ना...” आणि शेवटचा डबा निघून गेला. एकदम सामसूम झाली, आणि पलीकडं रुळाच्या कडेनं चाललेला माणूस थांबून तिच्याकडं बघत होता.

“ना... नाश्ता झाला का, भाऊ?” करिश्मानं विचारलं.

“झाला की, बाई,” तो गोंधळून म्हणाला, आणि पाऊल उचलून चालायला लागला.

सोमवारी जीप आली. बबलूनं रजा काढली होती. गल्लीतली माणसं कुंपणाला टेकून उभी राहिली, सरजाबाईनं तर घरून खुर्ची आणली. भगवानरावांनी बाज फिरवून घेतली, घराकडं पाठ करून बसले आणि उपरणं दोन्ही कानांवरून घट्ट बांधलं.

“काहून वो, मामा?” करिश्मानं विचारलं. सासऱ्याला ती मामा म्हणायची.

“थंडी वाजून राहिली,” ते म्हणाले. उन्हानं अंगणातली माती तापली होती.

मुग्धानं आधी दार ठोठावलं. ज्वारीनं पोरीला दारात आणलं. मग जीपच्या ड्रायव्हरनं मागून हॉर्न दिला. ज्वारी आडवी झाली आणि पोरगी जागच्या जागी थांबली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या, ज्वारीनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. मग मुग्धानं नागाबाईला समोर घेऊन सावकाश ओठ हलवत सांगितलं, की अंगणाच्या त्या टोकाला भिंतीकडं तोंड करून उभी राहा, आणि ज्वारी तुला घ्यायला येईपर्यंत मागं वळून बघू नकोस. नागाबाईनं मान हलवली. ती जाऊन उभी राहिली, शाळेत प्रार्थनेला उभी राहते तशी ताठ. ज्वारी अंगणाच्या मधोमध बसली.

“कधीही, ताई,” मुग्धा म्हणाली.

करिश्मा दारात उभी होती. तिनं तोंड उघडलं. छाती भरून हवा आत गेली आणि तशीच परत आली. तिनं पदर सारखा केला आणि पुन्हा तोंड उघडलं. खुर्चीवर सरजाबाईचेच ओठ आवाज न करता हलत होते, जणू त्यानं मदत होणार होती. भगवानरावांची पाठ हलत नव्हती.

“आत्या...” करिश्मा पुटपुटली.

मुग्धानं नाही म्हणून मान हलवली.

मुग्धानं पुष्कळ वाट बघितली, हे कबूल करायला हवं. ड्रायव्हरनं दोनदा घड्याळात पाहिलं. मग मुग्धा पुढं झाली आणि तिनं ज्वारीच्या गळ्यात पट्टा अडकवला. “राहू द्या, ताई. जबरदस्तीनं होणारी गोष्ट नाही ही,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि करिश्माला तेच जास्त लागलं. ज्वारी उठून निमूट तिच्यासोबत निघाली. तिला कुणाचाही हुकूम चालायचा. बबलू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा होता. तो बायकोला काही बोलला नाही. बोलायला तोंडच नव्हतं त्याला, माफी मागितल्याशिवाय त्याच्याही तोंडून ते नाव निघालं नव्हतं.

जीपचं मागचं दार उघडलं. गल्ली हळूहळू पांगायला लागली.

आणि करिश्माची नजर अंगणाच्या त्या टोकाला गेली. नागाबाई अजून भिंतीकडं तोंड करून उभी होती. परीक्षा संपली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं, वेणीखाली मान घामानं चमकत होती, पण तिनं वळून पाहिलं नव्हतं. उजवा हात तिनं थोडा मागं धरला होता, तळवा उघडा ठेवून, कुत्रीचं नाक लागेल एवढ्या उंचीवर. अंगणात बाकी सगळ्यांना कळून चुकलं होतं. ती एकटी उभी होती, कारण आई हाक मारणार याची तिला खात्री होती.

“नागाबाई!”

करिश्मा स्वतःच दचकली. आवाज असा निघाला, की पलीकडं रुळांवरच्या माणसांनी माना वळवल्या.

“ए नागाबाई! नागे! इकडं ये! ये की गं इकडं!”

सरजाबाईनं तोंडावर हात ठेवला. ज्वारीचा एक पाय जीपमध्ये होता. तिनं तो खाली घेतला. पट्टा हातातून सुटला असं मुग्धा सांगते. तिनं तो सोडला असं बघणारे सांगतात. ज्वारी अंगण ओलांडून सरळ भिंतीशी गेली आणि त्या उघड्या तळव्याला तिनं नाक लावलं.

नागाबाई वळली. पळाली नाही, शिकवलं होतं तसं कुत्रीच्या मापानं पाऊल टाकत आली आणि आईसमोर उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा आईनं तिला लांबून नावानं बोलावलं होतं आणि ती आपल्या पायांनी आली होती. तिनं कपाळाचा घाम पुसला, मनगटावर बोट आपटलं आणि दोन्ही हातांनी आईला सांगितलं, एवढा वेळ लागतो का? पाय दुखले माझे.

करिश्मानं तिला छातीशी धरलं आणि गल्लीदेखत हंबरडा फोडला. सासू गेली तेव्हाचं रडणं, ट्रॉलीच्या वेळचं रडणं आणि आजचं रडणं तिनं एकदमच रडून घेतलं. नागाबाई थोडा वेळ सोसून राहिली, मग सुटायची धडपड करायला लागली, कारण ज्वारीला खाऊ द्यायचा राहिला होता.

“पास,” मुग्धा म्हणाली, आणि उगाचच दुसरीकडं बघायला लागली.

जीप रिकामी गेली. बबलू मुग्धाला स्टेशनवर सोडायला निघाला. सरजाबाई खुर्ची घेऊन घरी गेली, आणि तिच्या घरात आता कुणाचं नाव कुणी घ्यायचं यावर दुपारभर वाद चालला. नागाबाई ज्वारीला घेऊन भिंतीकडच्या सावलीत जाऊन बसली आणि उद्या शाळेत कसं चालायचं ते तिला हातांनी समजावून सांगायला लागली.

लिंबाखाली करिश्मा आणि भगवानराव दोघंच उरले. भगवानरावांनी उपरणं सोडून मांडीवर ठेवलं होतं. त्यांची पाठ अजून घराकडंच होती.

“चुकलं, मामा,” करिश्मा म्हणाली. “तुमच्यादेखत घेतलं.”

भगवानरावांनी घसा साफ केला.

“अजून येकदा मार हाक.”

“परीक्षा झाली, मामा. पास झाली ती.”

“मला काय कळत न्हाई व्हय? परीक्षेसाठी न्हाई म्हनून राहिलो. मार म्हनलं ना.”

आवाज नेहमीचाच होता, विषय संपवणारा. पण ते वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. उभ्या जन्मात त्यांनी ती हाक कधी मारली नव्हती. आता त्यांना ती निदान ऐकायची होती.

करिश्मानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हाक मारली. “नागाबाई!”

ज्वारी उठली आणि पोरीला घेऊन आली. नागाबाई वैतागली होती. तिनं हात उडवून आईला विचारलं, आता काय? करिश्मानं आजोबांकडं बोट दाखवलं. नागाबाईनं तोच प्रश्न आजोबांना विचारला.

भगवानरावांना काहीच सांगायचं नव्हतं. ते बाजेवर जरा सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.